आजन्म तेल

१

रामदास मुकादमाचे प्रेत उचलले तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत नारळाची करवंटी होती, आणि ती सोडवण्यासाठी दोघांना त्याची बोटे एकेक करून उलगडावी लागली.

१९९६चा दसरा होता. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, भाईदास शेठच्या यंत्रमागांच्या शेडपुढे, शेठच्या परदेशी मोटारीची पूजा नुकतीच आटोपली होती. ही मोटार शेठच्या थोरल्या भावाने नैरोबीहून परतताना बरोबर आणलेली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत, आणि सबंध वसाहतीत तशी दुसरी नव्हती. पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली होती. मोटारीने ती चिरडून फाटकाबाहेर पडावयाचे, एवढाच विधी उरला होता. रामदासाने बोनेटसमोर नारळ फोडला आणि तो बाजूला सरला. चालक हेमराजाने इंजिन सुरू करून गिअरची दांडी ओढली. गाडी हलली नाही. मागे बसलेल्या शेठने "चाल, मुहूर्त जाय छे" म्हणून घाई केली. तरीही गाडी हलली नाही. ती बंद पडली असे समजून रामदास राहिलेली करवंटी उचलण्यास समोर आला, वाकला, आणि त्या क्षणी मोटारीने झेप घेतली. रामदासाच्या पाठीशी फाटकाचा खांब होता.

हेमराज खाली उतरला तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी एवढं दाबलंच नव्हतं. तीच उसळली."

त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि न ठेवण्यास कारणही होते. नवरात्राच्या आधी हेमराज व रामदास यांचे शेडमध्ये सर्वांदेखत भांडण झाले होते. मोटारीच्या गिअरपेटीतील तेल जळाले आहे, ते बदलले पाहिजे, असा हेमराजाचा हट्ट होता. रामदासाने शेठला सांगितले की पोरगा गॅरेजवाल्याशी संगनमत करून नसते दुखणे उकरतो आहे. त्यावर हेमराज म्हणाला होता, "ही गाडी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, मग माझ्याकडे येऊ नका." आता ते वाक्य सगळ्या मागवाल्यांना तोंडपाठ झाले होते.

विमा कंपनीने तपासणीसाठी भगवान देवरे यांना पाठवले. देवरे मूळचे शिरपूरकडचे, पण हयात सुरतेत गेलेली. स्वभाव वादी. एखादा शब्द त्यांच्यापुढे आला की ते आधी त्याच्याकडे जामीन मागत आणि मगच त्याला आत घेत. चुकीचे विधान ऐकून गप्प बसणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. पुष्कळ मित्र त्यांनी याच पायी गमावले होते.

"तुमचा फेरा फुकट गेला," फौजदार त्यांना म्हणाला. "ड्रायव्हरनं जबाब फिरवलाय. आता म्हणतो, गाडीत काही दोष नव्हता, जे झालं ते माझ्या पायानं झालं. खुनाचा गुन्हा लागतोय."

"जबाब का फिरवला?"

"मन खात असेल."

"मन पहिल्या दिवशी खातं, फौजदारसाहेब," देवरे म्हणाले. "पहिल्या दिवशी तो ठाम होता. नंतर फिरला, याचा अर्थ मधल्या काळात त्याला काहीतरी कळलं."

२

भाईदास शेठ स्वतः मोटारीचे बोनेट उघडून उभे राहिले. अपघाताचा धक्का त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो खोटा नव्हता. आत गिअरपेटीजवळ एक लहानशी पाटी चिकटवलेली होती. आतील तेल पेटीच्या आयुष्यभरासाठी आहे, ते बदलण्याची आवश्यकता नाही, असा तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा अर्थ होता.

"जुओ देवरेसाहेब. आ गाडी बनावणारा मूर्ख छे? लिहिलंय ना, लाइफटाइम. आणि हा हेमराज मला शिकवतो, तेल बदला. रामदास बोलला ते बराबर बोलला."

"आयुष्य कोणाचं, शेठ?"

"एटले? म्हणजे?"

"पेटीच्या आयुष्यभर तेल टिकेल असं म्हटलंय. पण पेटीचं आयुष्य किती, ते सांगितलेलं नाही. तेल खराब होऊन पेटी मेली, तरी हे वाक्य खरंच ठरतं. तेल तिच्या मरणापर्यंत पुरलं. ज्या विधानाला खोटं ठरण्याची सोयच नाही, त्यावर मी गाडी चालवणार नाही."

"तमे तो वकिलासारखं बोलो छो," शेठ कष्टी हसले. "पण तेल तपासलंय. धर्मेंद्रला विचारा."

धर्मेंद्राचे गॅरेज सुरतेच्या कतारगामात होते. पोलिसांच्या सांगण्यावरून त्याने अपघातानंतर मोटार पाहिली होती. तो खानदेशी घरातला, पण जन्म सुरतेतला, आणि त्याच्या बोलण्यात तीन भाषा एकाच पान्याने पिळलेल्या असत.

"काका, सीधी बात. शेडमागच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर गाडी ढकलत नेली. पेटीच्या बाजूला पातळी बघायचा बूच असतो, तो खोलला. तेल लगेच भोकाच्या ओठावर आलं. मतलब फुल. कमी होतं म्हणायला जागाच नाय."

"रंग?"

"तांबूस. एकदम नव्यासारखं लाल नाय, पण साफ. जळका वास पण नाय. इतक्या वर्षांनी असं तेल, म्हणजे कंपनीवाला खरं बोलतो. मी तर आता गिऱ्हाइकांना सांगणार, लाइफटाइमला हात लावू नका."

"बूच कसं होतं?"

"बूच बराबर. आट्यांवर सूत गुंडाळलेलं, म्हणून थोडा जोर लागला. मी पण तसाच परत बसवला."

"गाडी चालू केली होती?"

"चावी पोलिसांकडे. बंदच होती ना."

देवरे खुर्चीवरून उठले. त्यांना येथे वाद घालण्यास पुष्कळ जागा दिसत होती, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"धर्मेंद्र, हेमराज तुझ्याकडे आला होता ना, तेल काळं पडलंय म्हणून?"

"आला होता. रुमालावर थेंब घेऊन. काळाभोर, जळकट. पण मला वाटलं, इंजिनचं असेल. पेटीतलं तर मी स्वतः बघितलं, साफ आहे."

"तू जे पाहिलंस त्यावरून तेल टिकलं असं सिद्ध होत नाही," देवरे सावकाश म्हणाले. "जुनं तेल स्वतःहून तरुण होत नसतं. ते कोणीतरी बदललंय."

३

सुरतेतल्याच गोडादऱ्यात हेमराजाचे घर एका खोलीचे होते. त्याची बायको जयश्री दारात गहू निवडत बसली होती. पण सुपातले गहू आणि खडे दोन्ही तसेच होते. हेमराजाचे वडील धुडकू भिंतीला टेकून बसले होते. ते भाईदास शेठच्याच शेडमध्ये फिटर होते. मागांच्या गिअरपेट्या, दाते, साखळ्या त्यांच्या हाताखालून जात. शेडमध्ये त्यांना सगळे 'दादा' म्हणत.

"साहेब, मना पोऱ्या मुंगी मारणारा नही," धुडकू म्हणाले. मग पाहुणा साहेब आहे हे आठवून त्यांनी भाषा सावरली. "रामदास आणि आम्ही एकाच शिवारातले. भांडले असतील, पण जेवायला एका ताटात बसले आहेत दोघं."

देवरे जयश्रीकडे वळले. "वहिनी, त्या तेलाबद्दल हेमराज घरी काही बोलायचा?"

"दुसरं काय बोलायचे? दांडी टाकली की गाडी क्षणभर विचार करते म्हणायचे. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा गाडी बरी, विचार करून निघते." ती हसू आणू पाहत होती, ते जमले नाही. "एकदा शर्टाला ते तेल लागलं. धुऊन धुऊन हात गेले, पण वास काही गेला नाही. जळलेल्या फोडणीसारखा. मग यांनी स्वतःच लाल तेलाचे डबे आणून ठेवले. शेठ हो म्हणाले की धर्मेंद्रकडे नेऊन बदलणार होते."

"कुठे आहेत ते डबे?"

"खाटेखाली होते. नवरात्रात सारवण केलं तेव्हा मी स्वतः सरकवले. नवमीच्या रात्री पाहिलं तर नव्हते. मला वाटलं, यांनीच नेले."

"त्याला विचारलं का?"

"विचारायला वेळ कुठं मिळाला, साहेब. दुसऱ्या दिवशी तर दसरा झाला."

देवरे यांनी वाकून खाटेखालची जमीन पाहिली. "त्याला कोठडीत भेटायला कोण गेलं होतं?"

"दादाच. डबा घेऊन. मला बघवणार नाही म्हणून मी गेले नाही." जयश्रीचा हात सुपावर थबकला. "आणि त्यानंतर त्यांनी जबाब फिरवला. दादा, तुम्ही त्यांना बोललात का काही?"

"मी काय बोलणार, पोरी? धीर दिला. म्हटलं, देव पाहतो. तुझी गाडी चांगली होती, हेही म्हटलं. तो एकाएकी गप्प झाला. मग म्हणाला, दादा, तुम्ही कुणाजवळ काही बोलू नका, शेठ तुमची नोकरी घालवेल. जेवलासुद्धा नाही. डबा तसाच परत आणला मी."

धुडकूंच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते पाणी इतके निष्कपट होते की देवरे यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो विचारायचा राहिला म्हणून नव्हे. त्याचे उत्तर त्यांना आता नको होते.

४

इंदुबाई, रामदासाची बायको, त्याच गल्लीत पलीकडच्या टोकाला राहत होती. तिने देवरे यांना बसायला गोणपाट दिले आणि स्वतः उंबऱ्याशी उभी राहिली.

"तुम्ही गाडी बघायला आलेले साहेब ना? मग मला गाडीचं काही सांगू नका. त्यानं जाणून केलं का, तेवढं सांगा. माणूस गेला तर गेला. पण ज्याला मी हातानं भाकर वाढली, त्यानं जाणून मारलं असेल तर मला माणसात राहताच येणार नाही."

"ते शोधायलाच आलोय, ताई. नवमीच्या दिवशी शेडमध्ये काय काय झालं?"

तिने सांगितले ते असे. खानदेशातून आलेल्या कामगारांनी आपली खंडेनवमी या शेडमध्ये बरोबर आणली होती, आणि शेठनेही ती आपली मानली होती. त्या दिवशी माग थांबतात. प्रत्येक यंत्र धुतले जाते, त्याच्या पेटीतील जुने तेल सोडून नवे भरले जाते, हळदकुंकू लागते. आणि मग दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कोणतेही यंत्र चालवले जात नाही. देवीपुढे ठेवलेल्या हत्याराला त्या मुदतीत हात लावणे म्हणजे घरावर अरिष्ट ओढवणे.

"मोटारीचं काय?"

"ती पण धुतली, मागच्या खड्ड्यावर उभी केली. किल्ली यांनीच सकाळी देवीपुढे ठेवली, फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गाडी ढकलत फाटकाशी आणली, आणि यांनीच किल्ली उचलून हेमराजला दिली. मधे कुणाची छाती आहे हात लावायची?"

"आणि तेलाचं काम कोण पाहतं त्या दिवशी?"

"दरवर्षी दादाच. दुसऱ्याला करू देत नाहीत. म्हणतात, वर्षाचा एक दिवस यंत्राला न्हाऊ घालायचा असतो, तो मान म्हाताऱ्याचा." ती पुढे म्हणाली, "यांची आणि दादांची त्यावरून थट्टा चालायची. हे म्हणायचे, दादा, तुम्हाला मिळालं तर घड्याळाचं पण तेल बदलाल."

देवरे बाहेर पडले. कोडे सुटले होते. एखादे कोडे न सुटते तर बरे, असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले.

५

कोठडीत हेमराज गजांना पाठ लावून बसला होता. देवरे यांनी शिपायाला दूर उभे राहण्याची विनंती केली आणि हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"तू काही बोलू नकोस. मी बोलतो. चुकलो तर अडव. तेल जळालं होतं, हे तुझं म्हणणं बरोबर होतं. रुमालावरचा थेंब काळा होता, आणि धर्मेंद्रनं पेटीत पाहिलं ते तांबूस. म्हणजे मधल्या काळात तळातलं जुनं तेल काढून नवं भरलं गेलं, आणि आत अडकलेलं थोडं जुनं त्यात मिसळलं. तुझ्या खाटेखालचे डबे त्याच सुमारास गेले. बरोबर?"

हेमराजाने चेहरा गुडघ्यांत घातला.

"ते गॅरेजवाल्यानं बदललं नाही. गॅरेजवाला बुचाच्या आट्यांवर मागाचं सूत गुंडाळत नाही. ती मागाच्या फिटरची सवय. तूही बदललं नाहीस. तुला ही गाडी कळते. आपोआप गिअर पडणाऱ्या पेटीत तेल नुसतं वंगण नसतं, तेच जोर पोचवतं. इंजिन सुरू झालं की पंप ते वर खेचतो आणि तळातली पातळी उतरते. म्हणून ती पेटी इंजिन चालू ठेवूनच भरायची. बंद गाडीत ओठापर्यंत भरली, तर ती भरलेली दिसते आणि असते अपुरी. मग दांडी टाकली तरी गाडी निघत नाही. चालक जरा जास्त दाबतो, आणि जोर उशिरा, एकदम पोचतो. मागाची पेटी मात्र बंद ठेवूनच भरतात. भरणाऱ्याला दुसरी रीत माहीत नव्हती, आणि माहीत असती तरी त्या दिवशी त्यानं इंजिन सुरू केलं नसतं. किल्ली देवीपुढे होती. ज्या दिवशी शेडमधल्या प्रत्येक यंत्राखाली तेलाची परात असते, त्या दिवशी आणखी एका परातीकडे कोण पाहणार?"

"साहेब," हेमराज म्हणाला. "पुरे."

"त्यांनी तुला डबा देताना सांगितलं."

"हो. इतक्या मायेनं सांगितलं. म्हणाले, तू रोज कुरकुर करायचास, शेठ ऐकत नव्हता, म्हणून नवमीला मीच तुझ्या गाडीला न्हाऊ घातलं, कुणाला कळू दिलं नाही. तरी असं कसं झालं रे, म्हणून रडले." हेमराजाने तळव्यांनी डोळे दाबले. "ते बोलले आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. साहेब, त्यांना नाही कळलेलं. कळलं तर ते जगणार नाहीत. त्यांनी रामदासला खांद्यावर खेळवलंय. मी जाईन आत. मी तरणा आहे, सोसेन."

"आणि इंदुबाई? तू जाणून मारलंस असं मानून ती जन्म काढेल."

देवरे निघायला वळले. शेवटी म्हणाले, "कंपनीनं मला अपघाताचं कारण विचारलंय. पेटीत तेल अपुरं होतं, हे कारण. ते कोणाच्या हातून अपुरं राहिलं, हे विचारलेलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर मी देत नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या युक्तिवादातील अशा फटी बुजवत आलेल्या माणसाने आज स्वतःसाठी एक उघडी ठेवली होती.

६

पण फट राहिली नाही. फौजदारासमोर मोटारीची परीक्षा ठरली, तेव्हा देवरे यांनी फक्त धर्मेंद्राला बोलावले होते. शेडवर पोचून पाहतात तो खड्ड्यात धुडकू उतरलेले.

"यांना कशाला?" देवरे चमकून म्हणाले.

"बुचाला सूत छे," शेठ म्हणाले. "अमारो जूनो माणस छे. दादा सोडवतील सफाईने."

"धर्मेंद्र सोडवेल. दादा, तुम्ही वर या."

"राहू द्या, साहेब," खालून आवाज आला. "पोराच्या कामाला बापाचा हात लागू द्या."

आधी बंद गाडीतच बूच उघडले. तांबूस तेल ओठावर येऊन निथळले. "बघा," धर्मेंद्र म्हणाला, "मी काय सांगत होतो?" बूच पुन्हा बसवून देवरे यांनी गाडी सुरू करण्यास सांगितले. धर्मेंद्राने ब्रेक दाबून दांडी गिअरच्या एकेका घरातून फिरवली आणि इंजिन चालूच ठेवले.

"आता उघडा."

खड्ड्यात पान्याचा आवाज झाला. सगळे वाकून पाहू लागले. बुचाच्या भोकातून एक थेंबही पडला नाही. धुडकूंनी भोकात बोट घातले, आतून फिरवले, आणि बाहेर काढून उजेडात धरले. बोट कोरडे होते.

ते त्या बोटाकडे पाहत राहिले. धर्मेंद्राने बाहेरून तेल भरले. पुष्कळ भरावे लागले, तेव्हा कोठे ते ओठावर आले. मग गाडी खड्ड्यावरून काढून अंगणात चालवली. दांडी पडताच ती निमूट, सावकाश पुढे सरकली.

"लोण्यासारखी चालते," धर्मेंद्र पुटपुटला. मग फौजदारासमोर त्याने मान खाली घातली. "साहेब, माझा जबाब चुकीचा होता. बंद गाडीत बघायला नको होतं. मतलब, हेमराजनं जेवढं दाबलं, तेवढं कुणीही दाबलं असतं."

शेठचा चेहरा उतरला होता. "पण लाइफटाइम लिहिलं हतुं ने."

"ज्यानं लिहिलं, त्यानं गाडी किती चालेल याचा एक अंदाज बांधला आणि त्या अंदाजाला आयुष्य असं नाव दिलं," देवरे म्हणाले. "उष्णतेनं तेल मरतंच, शेठ, पाटी काहीही म्हणो. हे तेल बदलायला हवं होतं. उजेडात, तुमच्या परवानगीनं, गाडी चालू ठेवून. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून ते चोरून आणि बंद गाडीत बदललं गेलं."

"कोणी बदललं?" फौजदाराने विचारले.

धुडकू खड्ड्याच्या पायऱ्या चढून वर आले होते.

"साहेब, ही चालू ठेवून भरायची असते?"

"हो, दादा."

"मागाची तर बंद ठेवून भरतात."

"हो."

धुडकूंनी मान हलवली. एखाद्या कारागिराने दुसऱ्याकडून कामाची खूण समजून घ्यावी तशी. मग ते फौजदाराकडे वळून शांतपणे म्हणाले, "मग लिहा. धुडकू महादू, फिटर. माझ्या पोराला सोडा. आणि मला घेऊन जायचं तर जा, पण आधी एकदा इंदूच्या दारात जाऊ द्या."

७

दुपार कलली होती. फौजदार गल्लीच्या तोंडाशी थांबला, तेवढी माणुसकी त्याने दाखवली. देवरे धुडकूंबरोबर गेले. धुडकू उंबऱ्याबाहेर मातीतच बसले.

"इंदू माय, हेमराजनी नही करं. मी करं."

त्यांनी सगळे सांगितले, काही लपवले नाही. कुठे अडखळले तेथे देवरे यांनी शब्द पुरवला. इंदुबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. मग तिच्या तोंडातून जे निघाले, त्याची दोघांनाही अपेक्षा नव्हती.

"हेमराज तेल बदला म्हणत होता. धर्मेंद्रकडे नेऊन."

"हो."

"आणि यांनी शेठला सांगितलं, बदलू नका. पोरगा लबाड आहे." तिची नजर जमिनीवर खिळली होती. "मीच त्या दिवशी यांना म्हटलं होतं, बरं केलं, शेठची मर्जी राहिली. यांनी तोंड घातलं नसतं, तर तेल गॅरेजात बदललं असतं. तुम्हाला हात लावायची पाळीच आली नसती, दादा. म्हणजे यांनी स्वतःचं मरण स्वतः—"

"नही, माय," धुडकू एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तसं काही नाही. तेल बदलायचं कामच नव्हतं. पाटीवर लिहिलेलं होतं ना, आजन्म चालेल म्हणून. रामदास बरोबर बोलला. तेल चांगलं होतं. हेमराज पोरवयाचा, त्याला उगाच भास. आणि मी म्हातारा, मला हाताची खाज. चांगलं तेल काढून टाकलं मी. रामदासचं काही चुकलं नाही."

इंदुबाईने त्यांच्याकडे पाहिले, आणि मग देवरे यांच्याकडे.

"साहेब, तुम्ही सगळं तपासलंय. दादा म्हणतात ते खरं का? ते तेल तसंच राहिलं असतं तरी चाललं असतं?"

देवरे यांच्या पिशवीत अहवालाचा मसुदा होता. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात, तेल जळून निकामी झालेले होते व ते बदलणे अत्यावश्यक होते, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिले होते. त्यातला एकही शब्द ते बदलणार नव्हते. धुडकू मातीत बसून त्यांच्याकडे पाहत होते. त्या नजरेत विनवणीसुद्धा नव्हती.

"खरं आहे, ताई," देवरे म्हणाले. "ते तेल आयुष्यभराचं होतं."

इंदुबाईने डोळे मिटले. मग ती उंबऱ्यावर, धुडकूंच्या समोर, हळूहळू खाली बसली.